मुक्या रांगेतले नाना

आमच्या धंद्यात 'मुका' म्हणजे नुसता ड्रेस घालून उभा राहणारा माणूस. पंधरा माणसांचा बँड ठरला की लग्नघरचा कुणीतरी मामा खरोखर एकेक डोकं मोजतो. वाजवणारे भरतात अकरा. उरलेले चार जण वाद्य तोंडाला लावून गाल फुगवतात, ते आमचे मुके. धुळ्यातल्या आमच्या बँडमध्ये ज्यांनी मला ट्रंपेट शिकवलं, ते नाना शेवटी मुके झाले.

त्यांचे पुढचे दात गेले. कवळी बसवली, पण ट्रंपेट ओठांवर दाबलं की ती हलायची आणि सुराऐवजी नुसती हवा यायची. मग पुढची जागा मला मिळाली. आनंद झाला, खोटं कशाला बोलू! पण दर लग्नात एखादा म्हातारा विचारायचाच, "ते नाना नाहीत का आता?" मी मागच्या रांगेकडे बोट दाखवायचो आणि डोक्यात तिडीक जायची.

आग्रह झालाच तर काय करायचं, हे नानांनीच ठरवून दिलं होतं. त्यांनी पुढे उभं राहून बोटं चालवायची, मी त्यांच्या पाठीमागून खरं वाजवायचं. "लोकेसनं मन मोडाले नको," म्हणायचे. दोन-तीन लग्नांत जमूनही गेलं. वाहवा त्यांची झाली, फेटा त्यांना बांधला गेला. मी मागे घाम पुसत उभा.

गेल्या उन्हाळ्यात धुळ्याजवळच्या एका खेड्यात भरदुपारी पाठवणी होती. मुलीच्या बापाने नानांना ओळखलं आणि हाताला धरून पुढे आणलं. "मन्हा लगीनमा यासनीच वाजाडं व्हतं. आज बी ह्याच वाजाडतीन!" सगळ्या बायका गप्प झाल्या. नवरी गाडीशी थांबली. चार-पाच जणांनी मोबाइल वर केले.

नानांनी मान किंचित मागे वळवून माझ्याकडे पाहिलं. ही आमची खूण. त्यांनी ट्रंपेट ओठांना लावलं, बोटं ठेवली, छाती भरून घेतली.

मी वाजवलं नाही.

ठरवून केलं असंही म्हणवत नाही, आणि चुकून झालं म्हणायला तर जीभ रेटत नाही. एवढंच आठवतं की मनात आलं, आज कळू दे सगळ्यांना, सूर कुणाचे होते ते. ट्रंपेट माझ्या ओठांना टेकलेलं होतं. फुंकर घालायचा अवकाश होता. मी घातली नाही.

नानांच्या ट्रंपेटमधून फुस्स करून हवा निघाली. बोटं बिचारी चालतच राहिली, कळा टकटक वाजत राहिल्या. कुणीतरी पोर खिदळलं, मग मोठीही हसली. मुलीच्या बापाचा चेहरा पडला. नानांनी ट्रंपेट खाली घेतलं, हात जोडले आणि म्हणाले, "आते मन्हाघाई व्हत नही, भाऊ. हाऊ पोऱ्या मन्हापेक्षा चांगला वाजाडस." मग बाजूला होऊन मला जागा दिली. मी वाजवलं. फार चांगलं वाजवलं, याचीच आज जास्त लाज वाटते.

परतताना टेम्पोत नाना माझ्या शेजारी येऊन बसले. मी मनाची तयारी केली होती. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या छातीवर हात ठेवला. "काय व्हयनं रे? दम कमी पडना का?"

मी म्हणालो, "हो."

"दवाखानामा दखाडी ये. मन्हा दात गयात ते गयात, तू तुनी छाती संभाळ."

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून मधात आल्याचा रस घालून आणला, बाटलीच्या झाकणाने मोजून पाजला. मी प्यायलो. सगळ्या बँडला त्यांनी सांगून टाकलं की पोराला दम लागतो, उन्हात जास्त ताणू नका.

तेव्हापासून नाना मुक्यांच्या रांगेत उभे राहत नाहीत. वरातीत ते माझ्या अगदी मागे चालतात. एका हातात ट्रंपेट, तोंडाला लावलेलं, गाल फुगवलेले. लांब सूर आला की दुसऱ्या हाताचा तळवा माझ्या पाठीला टेकतो, माझा दम पुरावा म्हणून. दम पुरतो मला. त्या दुपारीही पुरत होता, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.