सफेद्याची गोडी

गजानन गेल्याचं मला बडनेऱ्याच्या मालधक्क्यावर कळलं. अकोल्याहून आलेल्या गाडीचा गार्ड खाली उतरला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, "तुमचे पेटीवाले दोस्त गेले म्हणते. काल सकाळी." मी हातातल्या मालाच्या बिल्ट्या पुन्हा नीट लावल्या, मालगाडीच्या पुढच्या वाघिणीकडे वळलो. धक्का असा बसलाच नाही. त्याचीच लाज मला आज पाच आठवडे वाटते आहे. ही बातमी येणार हे मी वर्षभर जाणून होतो...

आम्ही दोघं एका नाटक कंपनीत होतो. तो पेटीवर, मी तबल्यावर. गजाननची बोटं लांब आणि कोरडी होती. गाणाऱ्यानं कुठे श्वास घ्यावा हे ती बोटं आधीच ठरवायची. मग बोलपट आले आणि कंपनी अकोल्यातच मोडली. पडदे विकले गेले, माणसं वाट फुटेल तिकडे गेली. मला इथे मालगोदामात कारकुनी मिळाली. गजानन अमरावतीच्या एका शिळाछाप छापखान्यात लागला. कंपनीच्या जाहिराती तोच रंगवायचा, ते त्या वेळी कामी आलं. पेटी त्यानं विकली नाही, पण उघडलीही नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "वाजोवली का हात थरथरते रे." तेव्हा ते थरथरणं नुसतं मनाचं होतं.

छापखान्यात तो चार वर्षं होता. कापडाच्या ठाणांवरचे छाप, वरूडच्या संत्र्यांच्या पेट्यांवरची चित्रं, लग्नाच्या कुंकुमपत्रिका, सगळं तो काढायचा. एका रविवारी तो बडनेऱ्याला आला आणि फलाटाच्या टोकाच्या बाकावर आम्ही बसलो. गजानन म्हणाला, "वसंता, मालकाच्या मनात येईल थे अक्षर काढा, अन् आपल्या मनातलं मनातच ठेवा... मी आता आपलं सोतंत्र काम करावं म्हणून राहिलो. अकोल्यात दुकानाच्या पाट्या रंगवीन. तुले काय वाटते?"

त्याला खरोखरच विचारायचं होतं. एकदा एक धंदा पायाखालून गेलेला माणूस होता तो, घाबरला होता. मी क्षणभरही थांबलो नाही. "सोडून दे नोकरी. तुहा हात दावणीले बांधाचा नाही," असं मी म्हणालो. तो हसला. कंपनी मोडल्यापासून मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं.

अकोल्याच्या जुन्या शहरात त्यानं एक खोली घेतली. पहिल्या वर्षी त्याचं नाव झालं. कापूस बाजारातला रस्ता चालून जावं तर दर चार दुकानांआड त्याची अक्षरं दिसायची, भरदार, वेलांटीला गाण्यातल्या मींडेसारखा बाक असलेली. मी भेटायला गेलो तेव्हा तो पाटीपुढे मांडी घालून बसला होता. बारीक रेघ ओढायच्या आधी कुंचल्याचं टोक ओठांत धरून तो ते निमुळतं करायचा. सफेदा होता तो, पाट्यांचा पांढरा रंग. मी म्हणालो, "थुंकून तरी टाक." तो म्हणाला, "कावून? गोड लागते रे."

मी हसलो. ते हसू मला आता आठवत राहतं.

दुसऱ्या वर्षी त्याचं पोट दुखू लागलं. पीळ पडावा तशी कळ यायची आणि तो गुडघे छातीशी घेऊन बसायचा. चेहरा राखेसारखा झाला. हिरड्यांच्या कडेनं निळसर रेघ दिसू लागली. त्याच्या बायकोला, वहिनींना वाटलं, मिशरीची असेल. पण गजानन मिशरी लावत नव्हता. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याचा ओठ वर करून पाहिला आणि विचारलं, "काम काय करता?" मग स्पष्ट सांगितलं, "त्या रंगात शिसं असतं. ते अंगात भिनलंय. हे काम आजच सोडा."

त्यानं सोडलं नाही. मी रागावलो, तेव्हा म्हणाला, "पेटी गेली. आता बुरूशबी सोडू? मंग मी राहिलो काय, वसंता?" कुंचला तोंडात घालणं त्यानं बंद केलं, पण फार उशिरा.

शेवटचा भेटलो तेव्हा त्यानं स्वतःच पेटी काढायला लावली. मी भाता ओढला. त्यानं उजवा हात पट्ट्यांवर ठेवला आणि मनगट गळून पडलं. चार पट्ट्या एकदम दाबल्या गेल्या, भाता संपेपर्यंत तो बेसूर आवाज चालूच राहिला. त्यानं डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर घेतला. "झाकून ठेव," एवढंच म्हणाला.

परवा मी अकोल्याला गेलो. वहिनी दारात गहू निवडत बसल्या होत्या. मी मनातलं बोलून टाकलं, "मीच त्याले नोकरी सोड म्हटलं होतं." त्या नाही म्हणतील असं वाटलं होतं. "तुमी म्हटलं खरं," त्या म्हणाल्या. सुपातले खडे बाजूला काढत राहिल्या. मग म्हणाल्या, "डॉक्टरनंबी सोडा म्हटलं होतं. थे नाही आयकलं त्याईनं."

आत त्याची बसायची जागा तशीच आहे. काम सुरू करायच्या आधी तो उभा राहून शेजारच्या भिंतीवर एक रेघ ओढून रंग पाहायचा. सगळी भिंत रेघांनी भरलेली आहे. घरमालक चुना मारायचा म्हणतो, वहिनींनी अजून मारू दिलेला नाही. वरच्या रेघा माझ्या डोक्याच्याही वर आहेत, ताठ, एका दमात ओढलेल्या. हात उचलवेनासा झाला तशा त्या खाली येत गेल्या, छातीशी, मग कमरेशी... खालच्या रेघांना टोक उरलेलं नाही. सगळ्यात शेवटची बघायला मला जमिनीवर बसावं लागलं.