गोविंदरावांचं वतन

देवळीच्या स्टँडसमोरचा एसटीडीवाला सकाळीच दारात आला. "समुद्रपूरकडून फोन होता, मास्तर. तुमचे गोविंदराव गेले." नीट ऐकलंस का, म्हणून मी त्याच्यावरच खेकसलो. पोळा पंधरवड्यावर आला होता. पोळ्याआधी हा माणूस मरणं शक्यच नव्हतं... पण मेला होता.

आम्ही शाळेपासूनचे मित्र. मी मराठीचा मास्तर झालो, तो गावी शेतात राहिला. त्याच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पाटीलकीचं वतन. वतनं सरकारनं कधीच खालसा केली; उरला तो पोळ्याचा मान. तोरणाखालून पहिली जोडी त्याच्या घरची; ती गेली की पोळा फुटला, मग बाकी गावाची. बैलांपुढे तो इतक्या ऐटीत चाले की मी म्हणायचो, "गोविंदा, राज्य गेलं, तोरा गेला नाही." तो हसायचा. "मास्तर, तोराच तं देला होता आमाले राजानं!"

मुलगा नव्हता. एकुलती कुसुम, नवऱ्यानं टाकली तेव्हा माहेरी आली आणि बापाबरोबर शेतीला जुंपली. वखर धरायची, बैल धुवायची, बाजार करायची. गोविंदरावांना हृदयाचं दुखणं निघालं, डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा त्यानं एकच ध्यास घेतला. आपल्यामागे मानाच्या जोडीचा कासरा कुसुमच्या हाती जावा. मान चुलतभावालाही हवा होता, आणि गाव त्याच्या बाजूनं होतं.

एक दिवस गोविंदा धापा टाकत एसटीनं माझ्याकडे आला. "वतन म्हंजे नेमकं काय, पाहून सांग. लेकाचंच असते, असं हाय का त्याच्यात?"

मी शब्दकोश काढले. शब्द अरबी. मुळात अर्थ एवढाच, राहायचं ठिकाण, आपली भूमी. गुरंढोरं जिथं बसतात त्या जागेलाही जुने अरब वतनच म्हणत. फारसी कारभारातून तो आपल्याकडे आला आणि वंशपरंपरेनं दिलेल्या पदाला, हक्काला चिकटला. मुलगा की मुलगी, याबद्दल मूळ शब्द काहीच बोलत नव्हता.

"गुरांची जागा बी?" त्यानं पोरासारखी टाळी वाजवली. "मंग झालं! गावात राह्यते कोण? गोठ्यात राबते कोण? कुसुमच ना?" मला हसू आलं नाही, भीती वाटली. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तसा त्यानं तो अर्थ धरला होता.

मारुतीच्या पारावर बैठक बसली, मीही होतो. त्यानं सगळं समजावून सांगितलं, मधे मधे दम खात. मागून कोणीतरी म्हणालं, "गोविंदभाऊ, अरबाचा पोळा नाई हा!" पार हसला. चुलतभाऊ तेवढा हसला नाही. खाली बघत म्हणाला, "दादा, पोरीच्या हातानं पोळा फुटत नाई." तेव्हा गोविंदरावांनी हात जोडले. या माणसाला हात जोडताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. "माह्या डोळ्यांदेखत एकडाव तिले जोडी नेऊ द्या रे. मंग काय करायचं ते करजा." एकेक जण धोतर झटकून उठला आणि घरी गेला. असा राग आला होता मला, आणि तो कोणावर काढावा ते कळत नव्हतं.

पोळ्याला मी गावी गेलो. चुलतभावाची जोडी पहिली गेली, पोळा फुटला. कुसुमनं आपली जोडी धुऊन, शिंगांना तेल लावून गोठ्यातच उभी केली होती. खाटेवर एक गुलाबी फेटा होता, बांधून ठेवलेला. मला वाटलं गोविंदरावांचा. पण त्याच्या डोक्याला तो बसलाच नसता, फारच लहान होता.

"जायच्या आठ दिवस आधी बांधला बाबानं," कुसुम म्हणाली. "माह्या डोक्यावर ठेवू ठेवू पाह्यत होते." मग बैलाच्या पाठीवरून हात फिरवत तिनं विचारलं, "काका, अर्थ तं आपल्या बाजूनं होता ना?... मंग बाबा काऊन हरले?"

बाहेर डफ वाजत होता. फेटा तिनं उचलला नाही, मीही नाही.