आईंना दाखवायची एक फेरी

माझ्या गाडीला आमच्या घरात नाव नाही. नवरा तिला नुसतं "ती" म्हणतो. पुण्याला शिकणारी लेक फोनवर "तुझं वेड कसं आहे?" म्हणून विचारते. आणि सासूबाई, ज्यांना मी लग्नापासून आई म्हणते, त्या म्हणतात "ते लाल". "ते लाल काढणार असशील तर आधी पापड उचल, धुराळा बसतो." त्यांचा आणि माझ्या शर्यतींचा एवढाच काय तो संबंध, असं मी कित्येक वर्षं धरून चालले होते.

मी हिंगोलीत शाळेत गणित शिकवते. आठवडाभर पोरांना दामटून बसवल्यावर रविवारी मला एक जुनी छोटी गाडी मातीत पळवावीशी वाटते. आमचा क्लब म्हणजे मूठभर माणसं. एक दातांचा डॉक्टर, एक बियाण्यांचा दुकानदार, दोघं ट्रॅक्टरवाले भाऊ आणि मी. सोयाबीन निघालं की कनेरगाव नाक्याजवळचा एक माळ आम्हाला वापरायला मिळतो. फक्कीच्या रेघा ओढायच्या, वळणांवर जुने टायर मांडायचे आणि एकेकानं घड्याळ लावून फेरी मारायची. शेजारच्या धाब्यावरची माणसं चहा घेत बघायला येतात आणि कुणी बाई गाडीतून उतरली की चहा गार होऊ देतात.

दिवाळीनंतरचा शनिवार-रविवार म्हणजे आमच्या हंगामाची सुरुवात. यंदा मला एक वेगळाच घोर लागला होता. आईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं आणि सोमवारी त्या संभाजीनगरला थोरल्या दिरांकडे जाणार होत्या. तिकडे सगळं घर तळमजल्यावर, आमच्याकडे उठता-बसता पायऱ्या. "बरं झालं की येते" असं त्या म्हणायच्या, आम्ही माना डोलवायचो, आणि पुढचं कुणीच बोलायचं नाही. त्याच आठवड्यात भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "आयतवारी मी बी येते तुज्यासंगं. पाहू दे एकदा काय करतीस ते."

त्या दिवशी मी आमटीत दोनदा मीठ घातलं. मला पहिला नंबर नको होता. मला त्यांना एक अख्खी फेरी दाखवायची होती, सुरुवातीपासून शेवटापर्यंत, मध्ये कुठेही न थांबता. ही बाई मला सकाळी उठल्यापासून बघत आलेली. पोळ्या लाटताना, पेपर तपासताना, आजारपणात, भांडणात. ज्यात मी खरी जिवंत असते तेवढं मात्र तिनं कधी बघितलं नव्हतं. ते न बघताच त्या गेल्या असत्या तर मला फार लागलं असतं.

आणि नेमकी शनिवारी गाडी रुसली.

शेडमधून निघाली ती गुणी लेकरासारखी. बंपरवर मुंग्यांची रांग होती, तेवढी मी फडक्यानं झटकली. पिकअपवर चढवून माळावर नेली, उतरवली, सुरू केली तर आवाज कसा छान. पण सरावाच्या फेरीत पहिल्या वळणानंतर पाय दाबला आणि तिचा श्वासच कोंडला. मागून काळा धूर, पेट्रोलचा वास, आणि गाडी गचके खात जागच्या जागी. पाय काढला की पुन्हा शांतपणे गुरगुरायला मोकळी.

गाडीचं बघतो माझा नवरा. त्याचं विहिरीवरच्या जळक्या मोटारी भरायचं, म्हणजे रिवाइंडिंगचं दुकान आहे, हात चांगला आहे आणि डोकं बर्फाचं. काळा धूर म्हणजे कार्बोरेटर, असं सगळ्यांचं एकमत झालं. त्यानं हवेच्या फिल्टरचं झाकण काढलं. फिल्टर स्वच्छ होता. मग कार्बोरेटर उघडला, जेट फुंकले, जोडलं. उभ्या उभ्या पाय दाबून पाहिला तर गाडी अशी गरजली की डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. झाकण लावलं, मी फेरीला निघाले आणि त्याच वळणावर तेच. दुपारभर हा खेळ चालला. उघडायचं, गरजायची. बंद करून पळवायची, गुदमरायची. संध्याकाळी घरी गेलो तेव्हा आईंनी विचारलं, "झालं का बराबर?" मी म्हणाले, "होईल उद्या." आणि भांडी जरा जास्तच आपटली.

रविवारी आईंना लिंबाच्या सावलीत खुर्ची टाकून बसवलं. मांडीवर दशम्यांचा डबा, डोळ्यांवर काळा चष्मा. प्रत्येकाला दोन फेऱ्या होत्या. माझ्या पहिल्या फेरीला गाडी त्यांच्यासमोरूनच सुटली आणि त्यांच्या डोळ्यांदेखत, त्याच वळणावर, काळा धूर सोडून बसली. ट्रॅक्टरवाल्या धाकट्यानं ती दोरानं ओढून आणली. मी आत स्टिअरिंग धरून, आणि समोर ट्रॅक्टर. अशी वरात माझ्या लग्नातही निघाली नव्हती.

उतरल्या उतरल्या मी नवऱ्यावर तुटून पडले. कालपासून तू काय केलंस, लोकांच्या मोटारी बऱ्या करतोस आणि घरची एक गाडी होत नाही तुझ्याच्यानं, असं सगळ्यांसमोर. तो म्हणाला, "गाडी तापलीच आहे. तू तापून काय होणार?" याचा तर मला आणखीच राग आला. आई लांबून बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर काही कळत नव्हतं, आणि मला रडू येत होतं. उद्या त्या जाणार आणि त्यांनी पाहिलं काय, तर दोराला बांधलेली सून.

राग जरा उतरला तेव्हा डोक्यातली मास्तरीण जागी झाली. झाकण नसताना दोष नाही. झाकण असताना आहे. म्हणजे दोष झाकणात, नाहीतर झाकणाला जे जोडलंय त्यात. झाकणाच्या बाजूला एक पाइप जोडलेला असतो, गाडीच्या नाकाडापर्यंत जाणारा. झाकण लावलं की इंजिन त्यातूनच हवा ओढतं. तो कुणी बघितलाच नव्हता. मी नवऱ्याला म्हटलं, "पाइप काढ." त्यानं काढला आणि वळणापाशी बोटं घातली. तिथं काहीतरी घट्ट बसलं होतं.

आधी पळसाचं वाळकं पान निघालं. त्यात दुमडलेलं, काळपट, चामड्यासारखं कडक झालेलं काहीतरी. काठ मुंग्यांनी कुरतडलेले. दुकानदारानं वास घेतला आणि म्हणाला, "वेलदोडा." ती पुरणपोळी होती.

मी तशीच ती तळहातावर घेऊन लिंबाखाली गेले. "आई, ही गाडीत कुणी घातली?"

"मीच," त्या शांतपणे म्हणाल्या. "दसऱ्याला."

"काहून पण?" माझ्याही तोंडून त्यांचीच बोली निघाली.

"काहून म्हंजे? आमच्या पुसेगावात पोळ्याला बैलाला पोळी खाऊ घातल्याबिगर घरात कुणी जेवत न्हाई. ज्याच्या जिवावर माणूस बसतं, त्याला उपाशी ठेवावं का? दर साली त्याच्या म्होरं ठेवत होते. तुला न्हाई सांगितलं, तू हसली असतीस. औंदा तुज्या नवऱ्यानं ब्याटरी काढायला उघडून ठेवलं होतं, तवा तोंड सापडलं. म्हणलं, आता नीट खाईल."

दर साली. मी दर दसऱ्याला गाडीपुढे कुंकू बघत होते आणि ते नवऱ्यानं लावलं असं समजत होते. मागे नवरा हसू दाबून खोकत होता. आईंनी पोळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज बारीक झाला. "त्यानं तकलीफ झाली व्हय त्याला?"

मी नुसती मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, मला अजून कळलेलं नाही.

दुसरी फेरी मी सगळ्यांत शेवटी मारली. त्या वळणावर पाय दाबला आणि गाडी अशी निघाली की क्षणभर मीच घाबरले. टायरांना वळसा, लांब सरळ पट्टा, पलीकडची उतरण, पुन्हा वळसा. माळाच्या त्या टोकाला गेले की लिंब धुळीत दिसेनासा व्हायचा, पण तिथे कोण बसलंय हे मला माहीत होतं. घड्याळात मी शेवटून दुसरी आले.

गाडी सरळ लिंबापाशी आणून उभी केली. आई काठी टेकत उठल्या होत्या.

"दिसलं का, आई?"

"डोंबल्याचं दिसतंय. निस्ता धुराळा." त्यांनी काळा चष्मा पदरानं पुसला. "पर कान लावून होते. कुठं तटली न्हाई."

मग त्या गाडीपाशी गेल्या. बॉनेट चांगलंच तापलं होतं, तरी त्यावर हात ठेवून त्यांनी दोनदा थोपटलं, बैलाची पाठ थोपटावी तसं. डबा उघडून एक दशमी मोडली. अर्धी बॉनेटवर ठेवली. "आत न्हाई घालत आता," नवऱ्याकडे बघून म्हणाल्या. उरलेली अर्धी त्यांनी माझ्या तोंडापाशी धरली. माझे हात ग्रीसनं काळे होते, म्हणून मी तोंड उघडलं आणि त्यांच्या हातून खाल्ली.