आईला बीसीसीत ठेवलं त्याची गोष्ट

मी गेली बारा वर्षं बेळ्ळंदूरच्या एका कंपनीत लोकांना ईमेल नीट कसा पाठवावा हे शिकवतो. त्याचा पगारही घेतो.

त्या आठवड्यात आमच्या घरात एकच प्रश्न होता. मुग्धाची, म्हणजे माझ्या बायकोची, बाळंतपणाची रजा संपत आली होती. सोमवारी तिला मारतहळ्ळीच्या ऑफिसात हजर व्हायचं होतं आणि सात महिन्यांच्या ओवीला सांभाळायला कोणी नव्हतं. पाळणाघरवाले म्हणाले, वर्षाची झाली की आणा. उरल्या दोन आज्या. पुण्याला माझी आई, नागपूरला मुग्धाची. दोघीही आनंदानं आल्या असत्या, पण जिला नंतर विचारावं ती "झाली का आमची आठवण!" म्हणून जन्मभर ते काढत बसणार. (कुंची कोणत्या आजीची घालायची यावरून ओवीची दोन बारशी करायची वेळ आली होती.)

फोन केला तर एकीला आधी लागणारच. म्हणून मी ईमेल काढला. एकाच क्षणी दोघींना! शिवाय मी सासूबाईंनाही आईच म्हणतो, त्यामुळे मजकूर एकच पुरला. "ती. आई, साष्टांग नमस्कार. ओवीला जीव लावून सांभाळेल असं माझ्या डोळ्यांसमोर एकच माणूस आहे, ते म्हणजे आपण. दुसऱ्या कुणाचा विचारही मनात आला नाही." (स्वतःच्या आईला मी एरवी 'अगं' म्हणतो, पण लेखी म्हटल्यावर 'आपण'.) लिहिताना माझं मलाच भरून आलं.

वर पत्ता घातला सासूबाईंचा आणि आईला टाकलं बीसीसीत. बीसीसी म्हणजे पडदा. सासूबाईंना आई दिसणार नाही हे पक्कं होतं. पण पडद्याआडच्या माणसाला समोरचं सगळं दिसतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मुग्धा म्हणाली, दोघींना वेगवेगळं पाठव ना. मी म्हटलं, हे माझं क्षेत्र आहे, तू खिमट ढवळ.

पुण्यात बाबांनी आईला पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. वर नाव विहिणीचं, खाली "दुसऱ्या कुणाचा विचारही मनात आला नाही", आणि आपल्याला नुसती माहितीसाठी प्रत! (आई गप्प झाली की आमच्याकडे नुसतं पिठलं होतं. त्या दिवशी पिठलंही झालं नाही.)

बाबा बँकेतून निवृत्त. आलेल्या प्रत्येक पत्राची पोच देतात आणि ती सगळ्यांना देतात. त्यांनी लिहिलं, "प्रत मिळाली. सौ. ना वाचून दाखवली. विहीणबाईंना शुभेच्छा. आम्हांला नात सांभाळता येत नाही, हे आजच कळले."

हे थेट नागपूरला गेलं. सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी उलट सगळ्यांना विचारलं, "जावईबापू, माणूस एकच होता, तर प्रती दोन कशा? पुण्याच्या आजींनीच जावं." त्यावर आईचं उत्तर आलं की पत्र त्यांच्या नावाचं आहे, तेव्हा त्यांनीच जावं. दीड तासात दोन्ही आज्या एकमेकींना जा जा म्हणून आपापल्या घरी घट्ट बसल्या. इथे माझं धाबं दणाणलं.

आमच्या घरमालकीण अक्का खालच्या मजल्यावर राहतात. त्यांचं मराठी घराणं इथं कानडी मुलखात कित्येक पिढ्यांपासूनचं. ओवीला घ्यायला त्या वर आल्या होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, दोघींना एकदम फोनवर घेतलं असतंस तर सरी झालं असतं की रे! (सरी म्हणजे ठीक.) तिघांचा कॉल. असले मी रोज सहा करतो.

मुग्धानं आदळआपट केली नाही, त्यानं मी जास्तच घाबरलो. तिनं लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला.

"रजेचा अर्ज लिही," ती म्हणाली. "आणि एकालाच पाठव. मी बघतेय."

सोमवारपासून मी आणि ओवी घरी. नातीला बघायला दोन्ही आज्या रोज व्हिडिओ कॉल करायच्या, अर्थात वेगवेगळा. मंगळवारी मी लंगोट पुढचा मागे बांधला होता. आईला ते पाहवलं नाही. सांगणार कुणाला? तिनं नागपूरला फोन लावला. बुधवारी माझं खिमट सासूबाईंनी पाहिलं, त्यात चमचा उभा राहत होता. त्यांनी पुण्याला लावला. गुरुवारी मी ओवीला झोपवता झोपवता स्वतःच घोरायला लागलो आणि ओवी फोन चाटत होती, हे दोघींनी एकाच कॉलवर पाहिलं.

शनिवारी दोघी विमानतळावर भेटून एकाच टॅक्सीनं आल्या. हेब्बाळच्या पुलावर तासभर अडकल्या होत्या म्हणे, पण माझ्याविषयी बोलताना वेळ कसा गेला ते कळलं नाही. दार उघडल्या उघडल्या आईनं ओवीला घेतलं आणि सासूबाईंनी माझ्या हातातला चमचा काढून घेतला.

पोरीला सांभाळायला बोलावलं तेव्हा एकही आली नाही. पोरीला माझ्यापासून वाचवायला दोघी आल्या.