एकच भोक

जुन्या एअर गनवाल्यांच्या आमच्या ऑनलाइन ग्रुपची मॅच मी कॉव्हेंट्रीतून चालवतो. प्रत्येकाने आपापल्या गार्डनमध्ये निशाण्याच्या कार्डावर पाच छर्रे मारायचे आणि फोटो टाकायचा. बक्षीस काही नाही, तरी भांडणं होतातच. यंदा कार्डिफच्या एका आजोबांच्या कार्डावर मधोमध एकच भोक होतं. बंदूक त्यांच्या वडिलांची, तिच्यावर नेमासाठी दुर्बीणसुद्धा नाही. मी खवचटपणे विचारलं, "बाकीचे चार कुठे गेले?" त्यांनी वाद घातला नाही. छर्रे अडवायला कार्डामागे लावलेला मातीचा गोळा चिरून त्याचा फोटो पाठवला. आत पाचही छर्रे एकमेकांत घुसून शिशाची एक कांडी झाली होती. मी तो फोटो कितीतरी वेळ मोठा करून बघत बसलो. माझं कार्ड अजून टाकायचं होतं. ते ड्रॉवरमध्येच राहिलं.