चारशे बारा फाइली

फोन दुरुस्त करणाऱ्या या माणसाला सगळी गल्ली 'मोकळे' म्हणायची. खरं आडनाव वेगळंच होतं, पण ते वीजबिलापुरतं. कुणी जुना फोन आणला की हा म्हणायचा, "फेकताय कशाला? मोकळा करून देतो." म्हणजे कंपनीची बंदिस्त सिस्टिम काढायची आणि जगभरच्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेली, कुणीही उघडून बघावी अशी फुकटची सिस्टिम घालायची. कंपनीने वाऱ्यावर सोडलेले फोन त्याच्या हातून पुन्हा चालायला लागायचे. गुण होताच माणसात. पण खोडही होती. गिऱ्हाईक नुसती काच बदलायला आलं तरी कंपन्या आपल्या घरात कशा डोकावतात ते त्याला उभ्या उभ्या ऐकावं लागायचं.

"अहो, त्यांना काच हवीय, प्रवचन नको," काउंटरवरून बायको म्हणायची. शटर वर गेलं की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा, तो शटर खाली येईपर्यंत. निम्मी गिऱ्हाइकं तिच्याशी गप्पा मारायलाच यायची.

आणि रोग निघाला तो नेमका तिच्या घशात. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. दवाखान्यातल्या बाईंनी एक ॲप सुचवलं: ऑपरेशनआधी आपली वाक्यं आपल्या आवाजात भरून ठेवायची, नंतर बोट लावलं की फोन ती बोलून दाखवतो. दहा दिवस दुकानामागच्या खोलीत पंखा बंद करून, घामाघूम होत ती बोलत बसली. "पाणी द्या." "पाठ दुखतेय." "मेलं ते शटर नीट ओढा." चारशे अकरा वाक्यं झाली तेव्हा तिने नवऱ्याला खोलीबाहेर काढलं.

"शेवटचं तुमच्यासाठी आहे," ती नंतर म्हणाली. "वेळ आली की ऐकवीन."

त्या ॲपमध्ये एक बटण होतं. ते चालू ठेवलं की आवाजाची एक प्रत कंपनीकडे राहायची. मोकळेने ते पहिल्याच दिवशी बंद केलं.

"माझ्या बायकोचा आवाज त्यांच्या गोदामात? मरेन, पण देणार नाही."

"मरायची पाळी माझीय," ती म्हणाली. "तुम्ही कशाला मध्ये घुसताय?"

ऑपरेशन नीट झालं. वर्षभर फोन तिच्या आवाजात गिऱ्हाइकांना दरडावत होता. मग एक दिवस सूचना आली: पुढल्या महिन्यापासून हे ॲप जुन्या सिस्टिमवर चालणार नाही. आणि त्या फोनला नवी सिस्टिम देणं फोनच्या कंपनीने केव्हाच बंद केलं होतं.

फोनात न भरलेलं काही सांगायचं असलं की ती पाटी घ्यायची. तिने पाटीवर लिहिलं, "एक दिवस ते बटण चालू करा. आवाज तिकडे जाईल, दुसऱ्या फोनात उतरवू. झालं."

किती साधी गोष्ट होती हो. शहाण्याने ऐकलं असतं.

"एकदा गेला की त्यांचा झाला," तो म्हणाला. "मी यातच मोकळी सिस्टिम घालतो. ॲप मस्त चालेल."

मग फोन तिने त्याच्या हातात दिला. नवऱ्याच्या कसबावर तिचा भरवसा होता, हेच तिचं दुर्दैव.

दुसरी सिस्टिम घालता येऊ नये म्हणून कंपनीने फोनला घातलेलं कुलूप उघडलं की आतलं सगळं पुसलं जातं, हे तो गिऱ्हाइकांना तीन-तीनदा बजावायचा. म्हणून त्याने आधी चारशे बारा फाइली कॉम्प्युटरवर उतरवल्या, दोनदा मोजल्या. मग कुलूप उघडलं, नवी सिस्टिम घातली, फाइली परत ठेवल्या. ॲप सुरू झालं. पहिल्या वाक्यावर बोट लावलं. फोन गप्प. दुसरं, दहावं, पन्नासावं. गप्प.

झालं होतं ते असं. ॲपने प्रत्येक फाइल आपल्या वेगळ्या कुलपात ठेवली होती आणि त्याची किल्ली फोनच्या आतल्या चिपमध्ये होती. फोनचं कुलूप उघडताना ती किल्लीही पुसली गेली. चोराच्या हाती काही लागू नये म्हणून तशी सोयच असते. मोकळेला ती तोंडपाठ होती. इतक्या वर्षांत कुणाच्या फोनात तिचं काम पडलं नव्हतं, आणि बायकोच्या फोनाच्या वेळी ती डोक्यात आली नाही. फाइली सगळ्या जागेवर होत्या, आवाज तेवढा गेला होता.

त्याने ॲपच्या कंपनीला लिहिलं. उत्तर आलं: आमच्याकडे प्रत ठेवली असती तर देता आली असती. जगभरच्या हौशी मंडळींनाही विचारलं. बिचारे हळहळले. किल्ली कुणाकडेच नव्हती.

मोकळ्या सिस्टिममध्ये एका बाईचा तयार आवाज असतो. टाइप केलेलं ती वाचून दाखवते. आठवड्याने बायकोने काहीतरी टाइप केलं आणि फोन काउंटरवर ठेवला.

"अहो, जेवायला चला," ती परकी बाई म्हणाली.

मोकळे भर दुकानात रडला. "चुकलं माझं," तो म्हणाला. मग डोळे पुसत, "ते शेवटचं वाक्य काय होतं गं?"

तिने टाइप करायला घेतलं, थांबली, फोन पालथा घातला. पाटी ओढून लिहिलं, "हिच्या तोंडून नको."

"मग पाटीवर लिही."

ती पेन्सिल धरून बसली. मग लिहिलं, "लिहायला जमत नाही, म्हणून तर बोलून ठेवलं होतं."

त्याचं वाचून झाल्यावर तिने पाटी हाताने पुसली आणि गिऱ्हाइकाचा दुरुस्तीला आलेला फोन त्याच्यापुढे सरकवला.