निळा गाऊन आणि आयेचं लुगडं

परदेशातल्या बाईने अंथरुणात घालायचा गाऊन मी भर दुपारी अंगात घालून, वर ओढणी टाचून, एसटीने गावाला गेले होते. सांगून टाकते एकदाचं. गुडघे थकले, डोळे थकले, आता लाज तरी किती दिवस सांभाळायची? गावात राहिलेल्या बायांनो, आणि माझ्यासारख्या गाव सोडून आलेल्या बायांनो, हसा पोटभर. तेव्हा मी पंचविशीत होते आणि माझ्याइतकी शहाणी बाई दिघ्यात दुसरी नाही, अशी माझी खात्री होती.

महाडच्या पुढचं आमचं गाव. सोडलं तेव्हा अंगावर लग्नातली पाचवारी होती आणि दीड वर्षाची लेक सुमन माझ्या आयेच्या कडेवर. नवऱ्याला ठाणे-बेलापूर रस्त्यावर केमिकल कंपनीत काम लागलेलं, दिघ्यात एक खोली मिळालेली. दोघांनी कामाला जायचं तर पोर कोण बघणार? "नोकरी कायम झाली की घेऊन जाते," मी म्हणाले. आये लुगड्याचा पदर खोचत एवढंच बोलली, "लवकर ये बाय. पोरं इसरतात." एसटी सुटली तेव्हा सुमन रडलीसुद्धा नाही. मला वाटलं, किती समजूतदार पोर!

महाप्याला एका कारखान्यात परदेशी जाणारे बायकांचे कपडे शिवत. मी आधी धागे कापायला होते, मग मशीनवर बसले. प्रत्येक गठ्ठ्यावर देशाचं नाव आणि मापांचा कागद. त्या कागदावरून मी जगातल्या बाया ओळखायला लागले. जर्मनीच्या बाईचे दंड माझ्या मांडीएवढे. फ्रान्सच्या बाईला कंबरच नाही, बिचारी जेवते की नाही कोण जाणे. आखातातल्या बाईचा झगा घोट्यापर्यंत, त्यात आमच्या चाळीतली सगळी माणसं मावली असती. एका देशाच्या फ्रॉकला खांद्यावर नुसत्या दोन नाड्या. पहिल्या दिवशी मी मास्तरांना विचारलं, "बाह्या कुठं राहिल्या?" सगळी लाइन हसली. चार महिन्यांनी नवीन आलेल्या पोरीने तेच विचारलं, तर सगळ्यात मोठ्याने मी हसले.

सुट्टी घेतली तर नोकरी जाईल, या भीतीने दीड वर्ष गावाला फिरकले नाही. कायम झाले त्या आठवड्यात रिजेक्ट माल कामगारांना वाटला. माझ्या वाट्याला फिकट निळा सॅटिनचा लांब झगा आला, गळ्याला जाळीची लेस, फक्त एक बाही तिरकी बसलेली. मला वाटलं, राणीबिणी घालत असेल. तोच घालून लेकीला आणायला निघाले. कंडक्टर म्हणाला, "मॅडम, कुठे उतरणार?" आयुष्यात पहिल्यांदा कुणी मॅडम म्हटलं. महाडपर्यंत मी खिडकीशी मान ताठ करून बसले होते.

अंगणात सुमन चिंचोके खेळत होती. मी हात पसरले. ती उठली आणि धावत जाऊन आयेच्या लुगड्यात शिरली. "सुमे, आई आलीय," मी म्हणाले. आतून आवाज आला, "ही न्हाय माजी आय. ही बाजारातली बाई हाय." मी खाऊ दाखवला, बांगड्या वाजवल्या, लेस दाखवली. ती काही केल्या बाहेर येईना. आणि माझी सुट्टी दोन दिवसांची. परवा कामावर गेले नाही तर नोकरी जाणार, आणि पोर अशी.

 आयेने दोरीवरचं आपलं हिरवं लुगडं ओढून माझ्या अंगावर टाकलं. नऊवारी मी कधी नेसले नव्हते. कासोटा तिनेच खोचून दिला, वर पाठीत धपाटा. मग सूप पुढे ठेवलं. मी मुकाट तांदूळ निवडत बसले. संध्याकाळ झाली. कोंबड्या खुराड्यात गेल्या. सुमन एकेक पाऊल जवळ आली, माझा पदर हातात धरला, हुंगला आणि मांडीवर डोकं टेकलं. मला माहीत होतं, वास आयेचा होता. मी हलले नाही. पायाला मुंग्या आल्या तरी हलले नाही.

सकाळी त्याच लुगड्यात तिला घेऊन निघाले. दिघ्यात उतरले तर शेजारणी हसल्या, "फॅशनवाली आज आजीबाय झाली काय?" कारखान्यात माझ्या शेजारच्या मशीनवर उरणकडची कुलसुम बसायची. तिचा भाऊ बोटीवर होता, त्याने असलाच गाऊन बायकोला आणलेला. माझी हकिकत ऐकून कुलसुम हसून हसून डोळे पुसत म्हणाली, "अगो बाय, ह्यो घालून त्या बाया झोपतात!"

आता ऐरोलीत आमच्या सोसायटीतल्या बायका गाऊनवर ओढणी टाकून कोथिंबीर आणतात, कुणी बघतसुद्धा नाही. म्हणजे मी तीस-चाळीस वर्षं पुढेच होते म्हणायचं. सुमन परदेशात असते. दर महिन्याला नवा वेष घालून फोटो पाठवते, मी चष्मा लावून आधी शिलाई बघते, मग तिला शोधते. कधी कधी वेळ लागतो. गावाला भावाने स्लॅबचं घर बांधलं. आये गेली, ती दोरीही गेली. घर कुठं, असं कुणी विचारलं की मी ऐरोलीचा पत्ता सांगते, आणि मनात मात्र ती दोरी येते.

लेकीला आणलं त्याच्या पुढच्या मे महिन्यात मी ते लुगडं धुऊन, इस्त्री करून, पिशवीत घालून आयेला परत द्यायला गेले होते. तिने पिशवीला हातही लावला नाही. म्हणाली,

"मला काय देतीस? टाक त्या दोरीवर. कुठच्या पन देशाचं घालून ये, बाय, आल्यावर ह्ये नेस नि मंग जेवाय बस."